नेम मानेवर, छर्रे उजवीकडे: बंदूक दुरुस्तीत मी कसा फसलो

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मी एका टर्कीला जखमी केलं आणि तो मला सापडला नाही. सांगायला बसलोय फसवणुकीबद्दल, पण सुरुवात तिथूनच करावी लागते. पैसे गेले ते गेले, तो पक्षी मात्र अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

अमेरिकेतल्या मिझुरी राज्याच्या दक्षिणेला मार्क ट्वेन नॅशनल फॉरेस्ट आहे. ओक आणि हिकरीचं डोंगराळ रान. अंधारातच जाऊन एका जाड बुंध्याला पाठ टेकून बसलो होतो. उजाडताना घुबडासारखा आवाज काढला की झाडावर बसलेला नर उत्तर देतो, त्यावरून तो कुठे आहे ते कळतं. मग लाकडी बॉक्स कॉलवर मादीचा आवाज काढत बसायचं. पाऊण तासाने तो आला. निळसर-लाल डोकं, छातीवर लोंबणारी दाढी. तीस पावलांवर थांबून त्याने मान ताठ केली. बंदुकीची माशी, म्हणजे नळीवरचा नेम धरायचा मणी, मी बरोबर मानेवर धरली आणि चाप ओढला.

पिसं उडाली. पक्षी कोलमडला, उठला आणि एक पंख ओढत खालच्या घळीत उतरला. अडीच तास शोधलं. पानांवर रक्ताचे चार-पाच थेंब मिळाले, पुढे काहीच नाही.

टर्कीची शिकार बंदुकीच्या छर्‍यांनी करतात, पण बदकासारखी उडत्या पक्ष्यावर नाही. डोकं आणि मान एवढंच लक्ष्य, साधारण मुठीएवढं. म्हणून नळीच्या तोंडाशी चोक नावाची अरुंद नळी बसवतात, म्हणजे छर्‍यांचा झुबका दाट राहतो. झुबका दाट असला की चूकही मोठी होते. झुबक्याचा मध्य बाजूला पडला तर मानेला कडेचे दोन-चार छर्रे लागतात आणि पक्षी तडफडत मरतो. हा पक्षी अमेरिकेतून जवळजवळ संपला होता. मिझुरीत शिकार बंद ठेवून, पक्षी पकडून दुसऱ्या रानांत सोडून त्यांची संख्या वाढवली आणि १९६० साली मोसम पुन्हा उघडला. इतक्या कष्टाने परत आणलेला पक्षी मी घळीत मरायला सोडला. आणि ज्या बंदुकीने सोडला, ती दुरुस्त करून आणायला मी त्याआधी ३८५ डॉलर मोजले होते.

बंदूक जुनी, बारा बोरची, पंप-ॲक्शन. गन शोमध्ये, म्हणजे बंदुकांच्या प्रदर्शन-बाजारात, एका माणसाकडून २७५ डॉलरला घेतली होती. जानेवारीत रेंजवर नेऊन ४० यार्डांवर मोठा कागद लावला, वाळूच्या पिशवीवर बंदूक टेकवून तीन बार काढले. तिन्ही झुबके उजवीकडे, मध्यापासून दहा इंच. आधी वाटलं माझंच चुकतंय. गाल दस्त्यावरून उचलला गेला तर बार वर जातो, दणक्याच्या भीतीने चाप हिसडला तर कुठेही जातो. म्हणून शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांना मारायला दिली. त्यांनीच मला शिकार शिकवली. त्यांचेही बार उजवीकडेच गेले. तेव्हा बंदूक घेऊन एका गनस्मिथकडे, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे, गेलो. त्याचं, त्याच्या दुकानाचं, गावाचं नाव लिहीत नाही. पण त्याने काय केलं ते सविस्तर लिहितो, कारण हीच पद्धत उद्या तुमच्यापुढे येऊ शकते.

पहिल्या खेपेला त्याने ६५ डॉलरचा नवा चोक विकला. “जुना चोक वाकडा आहे,” म्हणाला. नवा लावून मारलं, तरी दहा इंच उजवीकडेच. खरं तर दोष कळायला एवढं पुरेसं होतं. एका चोकने बार बाजूला जातो आणि दुसऱ्याने सरळ जातो, तर दोष चोकचा. दोन्ही चोकने एकाच बाजूला, तेवढाच जातो, तर दोष नळीत, नाहीतर चोक बसतो त्या आट्यांमध्ये. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्याला नक्की माहीत होतं.

दुसऱ्या खेपेला म्हणाला, नळी वाकलीय, सरळ करावी लागेल, १८० डॉलर. हे काम खोटं नसतं. जाणकार कारागीर नळीला अगदी किंचित बाक देऊन बार जागेवर आणतात. आठ दिवसांनी बंदूक परत दिली आणि म्हणाला, “आता वीस यार्डांवर मारून बघ, हलकी काडतुसं वापर, खांदा दुखणार नाही.” मी तसंच केलं. बार पाच इंच उजवीकडे पडले. फोन केला तर खुशीत म्हणाला, “बघ, दहाचं पाच झालं, निम्मं काम झालं. उरलेलं पुढच्या खेपेला.”

इथे जरा थांबा आणि हिशेब करा, मी केला नाही. ४० यार्डांवर दहा इंच चुकणारी बंदूक २० यार्डांवर पाचच इंच चुकणार. कोन तोच, अंतर निम्मं, म्हणून चूक निम्मी दिसते. त्याने नळीला हात लावला होता की नाही, देव जाणे; बार होता तिथेच होता. मी शाळेत गणितात पैकीच्या पैकी मार्क घेतलेला माणूस, आणि १८० डॉलर देऊन वर त्याचे आभार मानून आलो.

तिसरी खेप मार्चअखेर झाली. “रेग्युलेट करून देतो, आणि पुरावा म्हणून मारलेला कागद देतो.” १४० डॉलर. रेग्युलेट म्हणजे बार नेमाच्या जागी आणणं. बंदुकीबरोबर त्याने गुंडाळी केलेला कागद दिला. दोन फूट लांब, दोन फूट रुंद. मधोमध मारलेला दाट झुबका, कोपऱ्यात मार्करने लिहिलेलं: ४० यार्ड, पाच नंबर (छर्‍यांचा आकार), पावणेदोन औंस (छर्‍यांचं वजन). तो कागद पाहून माझं समाधान झालं. मोसम दोन आठवड्यांवर होता, टर्कीची काडतुसं महाग, रेंज दीड तासावर. स्वतः एक बार काढून पाहिला नाही. त्याची किंमत त्या पक्ष्याने दिली.

शिकारीहून परत आल्यावर शेजारच्या गृहस्थांना कागद दाखवला. त्यांनी चष्मा लावला आणि एका भोकावर बोट ठेवलं. बाकी सगळी भोकं बारीक, गोल. हे एक रुपयाच्या नाण्याएवढं, आणि कडेला चार चिरा, फुलाच्या पाकळ्यांसारख्या. ते म्हणाले, हे वॅडचं भोक. काडतुसात छर्‍यांना धरून ठेवणारी प्लॅस्टिकची वाटी असते, ती वॅड. नळीबाहेर पडल्यावर तिच्या पाकळ्या उघडतात, हवा तिला अडवते आणि ती मागे पडते. ४० यार्डांवरच्या कागदाला ती झुबक्याच्या मधोमध असं भोक पाडत नाही. हा कागद अगदी जवळून मारलेला होता.

रात्री कागद बाल्कनीच्या काचेला चिकटवला, मागे दिवा ठेवला आणि बायकोने स्केचपेनने एकेक भोक टिपत मोजायला घेतलं, दहा झाले की रंग बदलायचा. ३७२ भोकं भरली. आता काडतुसाचा हिशेब बघा. पाच नंबरचे शिशाचे छर्रे औंसाला साधारण १७० असतात. पावणेदोन औंसात तीनशेच्या आसपास. काडतुसात तीनशे आणि कागदावर पावणेचारशे? सहा नंबरचे छर्रे औंसाला सव्वादोनशेच्या आसपास, म्हणजे पावणेदोन औंसात चारशेला थोडे कमी. काडतूसही वेगळंच होतं तर. शिवाय फुल चोक म्हणजे ४० यार्डांवर ३० इंचांच्या वर्तुळात सुमारे ७० टक्के छर्रे. टर्कीचा चोक त्याहून दाट मारतो, तरीही जवळजवळ सगळेच्या सगळे छर्रे २४ इंचांच्या कागदात त्या अंतरावर राहत नाहीत. बायकोने पेनचं टोपण लावलं आणि एवढंच म्हणाली, “अंतर मोजताना तू तिथे होतास का?”

नव्हतो. दोन्ही वेळा त्याने मला अंतरातच फसवलं. एकदा माझ्याच हाताने कमी अंतरावर मारायला लावून, एकदा कागदावर खोटं अंतर लिहून.

नंतर दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका वयस्कर गनस्मिथकडे गेलो. त्याने बंदूक रिकामी आहे हे दोनदा तपासलं, नळी काढली, चोक बसवला आणि नळीच्या बरोबर मधोमध राहील असा, चोकपेक्षा बारीक एक लांब सरळ गज आत सारला. चोकच्या तोंडाशी गज बरोबर मध्ये दिसायला हवा. माझ्या नळीत एका बाजूला नखभर फट होती आणि दुसऱ्या बाजूला गज चोकला टेकला होता. त्याने नळी उजेडाकडे धरून मला मागून बघायला लावलं. चोकचं कडं एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला जेमतेम दिसत होतं. मग विचारलं, नळीवर लांबी किती लिहिलीय? २८ इंच. फुल. टेप लावली, २४ भरली. कोणीतरी नळीचं टोक चार इंच कापलं होतं, माशी पुन्हा बसवली होती आणि चोकसाठी आटे पाडले होते, तेही तिरके. “हे दुरुस्त करण्यात अर्थ नाही,” म्हणाला. “चोकची कड आत आली तर एखाद्या दिवशी वॅड तिला धडकेल, नळी फुटेल. दुसरी नळी घे.” पंधरा मिनिटं, २० डॉलर.

गन शोमधल्या विकणाऱ्याला हे ठाऊक असणारच. कापलेली नळी बेकायदा नाही, शॉटगनची नळी १८ इंचांपेक्षा कमी नसली म्हणजे झालं. पण जुनी बंदूक घेताना आधी ती रिकामी करून, मग बोल्ट बंद करून, आत गज घालून लांबी मोजा आणि नळीवर कोरलेल्या आकड्याशी ताडून बघा. हे दोन मिनिटांचं काम मी केलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

पहिल्या गनस्मिथकडे कागद घेऊन गेलो. आधी म्हणाला, काडतुसं बदलली असतील. वॅडचं भोक दाखवलं तेव्हा गप्प झाला. मग मी परवाना विचारला. अमेरिकेत बंदुका दुरुस्त करण्याचा धंदा करायला केंद्र सरकारचा परवाना लागतो, आणि गिऱ्हाईकाची बंदूक रात्रभर दुकानात राहिली तर तिची वहीत नोंद करावी लागते. माझ्या बंदुकीची नोंद एकदाही झाली नव्हती. परवान्याचा क्रमांक मिळाला तर तो खरा आहे की नाही ते एटीएफ या केंद्रीय खात्याच्या ‘एफएफएल ईझी चेक’ या सोयीवर बघता येतं. क्रमांक त्याने दिला नाही. मिझुरीत ५,००० डॉलरपर्यंतचा दावा स्मॉल क्लेम्स कोर्टात वकिलाशिवाय लावता येतो, एवढं सांगितल्यावर त्याने १८० डॉलर काढून दिले. बाकीचे बुडाले.

आपल्या लोकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. मी तीन वेळा गप्प बसलो ते अज्ञानामुळे कमी आणि संकोचामुळे जास्त. आपला उच्चार वेगळा, रंग वेगळा, हातात बंदूक. दुकानात आवाज चढवला तर लोक काय समजतील? हा संकोच समोरच्याला पहिल्या पाच मिनिटांत कळतो. आवाज चढवायची गरज नसते. “मी स्वतः टेपने अंतर मोजून, माझ्या काडतुसाने मारून बघतो, मग पैसे देतो,” हे वाक्य शांतपणे म्हणता येतं. चांगला कारागीर त्यावर कधीच रागावत नाही. त्या दुसऱ्याने तर मला आधी तेच करायला सांगितलं.

सिंधुदुर्गात आमच्या आजोबांकडे शेतसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती, रानडुकरांसाठी. पाऊस संपून भात पोटरीला आलं की रानात जाण्याआधी ते परड्यातल्या फणसाच्या खोडावर खडूने फुली मारून पहिला बार तिथे काढायचे. आम्हा पोरांना वाटायचं, दारू फुकट घालवतात.

आता बंदुकीला नवी नळी आहे, मागे-पुढे दोन्ही माश्या असलेली. मागची माशी ज्या बाजूला सरकवाल त्या बाजूला बार सरकतो. पुढची असेल तर उलट. आधी २५ यार्डांवर हलक्या काडतुसांनी जवळपास आणलं, मग ४० यार्ड टेपने मोजून शिकारीचंच काडतूस वापरून, प्रत्येक बाराला नवा कागद लावून पाच बार काढले, कारण काडतूस बदललं की झुबक्याची जागाही बदलते. इथले शिकारी दहा इंचांच्या वर्तुळात शंभर छर्रे मागतात. माझ्या शेवटच्या कागदावर ११८ भरले, मध्य डावीकडे जेमतेम एक इंच. ती भोकंही बायकोनेच मोजली.

जुनी नळी घ्यायला गन शोमध्ये एकाने ६० डॉलर देऊ केले होते. मी ती घरी आणली, वाइसमध्ये पकडली आणि लोखंडी करवतीने आधी तोंडाकडून आणि मग काडतूस बसतं तिथून कापून टाकली.