गेम उत्तम, पण ही उरलेली ३०० नाणी कुणाची?

गेम कसा आहे, नकाशा केवढा आहे, हे या परीक्षणात सांगत बसत नाही. मोठ्या स्टुडिओचा, पूर्ण किमतीचा आरपीजी, म्हणजे आपलं पात्र घडवत कथा पुढे न्यायचा गेम. महिनोन् महिने खेळतोय, मुख्य कथा संपली, आता साइड क्वेस्ट, म्हणजे कथेबाहेरच्या छोट्या मोहिमा, उरकतोय. लढाया झकास, संगीत सुंदर. बोलायचंय ते गेममधल्या दुकानाबद्दल.

मला हवं होतं ते चिलखत १२०० नाण्यांना. ही नाणी खरे पैसे देऊन घ्यायची, आणि ती मिळतात ५०० किंवा १००० च्या पॅकमध्ये. म्हणजे १५०० घ्यायची आणि ३०० खात्यात पडून. दुकानातली सगळ्यात स्वस्त वस्तू ४०० ची! हे आकडे योगायोगाने असे पडलेले नाहीत. उरलेली नाणी वाया जाऊ नयेत म्हणून माणसाने पुढचा पॅक घ्यावा, एवढ्यासाठीच हा हिशेब मांडलाय. सपोर्टला लिहिलं, तर 'डिजिटल चलन परत घेतलं जात नाही' हे छापील उत्तर. पैसे मी भरलेत, मग उरलेले माझेच ना?

सुरुवातीला मला जास्त राग एक्सपी बूस्टरचा होता, म्हणजे पात्राचे अनुभव-गुण (एक्सपी) भराभर वाढवणाऱ्या विकतच्या वस्तूचा. २०१८ च्या असॅसिन्स क्रीड ओडिसी या गेममध्ये बूस्टर विकायला आला, तेव्हापासून पात्राची लेव्हल वाढणं स्टुडिओ मुद्दाम रेंगाळवतात असा संशय अनेकांच्या मनात आहे. इथे मात्र बूस्टरशिवाय शेवटपर्यंत कुठेच अडलं नाही. त्याबद्दल एक तारा वाढवलाय.

'नको असेल तर घेऊ नका' असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. दिखाऊ वस्तू विकायला माझीही हरकत नाही, फक्त किंमत पैशांत लिहा. २००६ मध्ये ऑब्लिव्हियन या गेममधलं घोड्याचं चिलखत मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स कन्सोलवर २०० पॉइंटना, म्हणजे अडीच डॉलरला विकलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. ते पॉइंट मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये बंद केले आणि किमती सरळ चलनात दाखवायला सुरुवात केली. कन्सोलच्या दुकानाने सोडलेली ही पद्धत गेमची दुकानं अजून धरून बसलीत. युरोपातल्या ग्राहक संरक्षण यंत्रणांनी मार्च २०२५ मध्ये हेच सांगितलं: खरी किंमत दिसली पाहिजे, आणि नको असलेलं आभासी चलन ग्राहकाच्या गळ्यात मारू नये.

ओरडून काही होत नाही, हे मला पटत नाही. २०१७ मध्ये स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २ या गेममधल्या विक्रीवरून खेळाडू असे तुटून पडले की ईए या कंपनीने गेम बाजारात येण्याच्या तोंडावर गेममधली खरेदीच बंद ठेवली. तेव्हा स्टुडिओला लिहा, रेटिंगमध्ये लिहा. हवी तेवढीच नाणी घेता येऊ लागली की मी चार तारे देईन. तोवर तीन.