पीआयडी कंट्रोलर: भट्टी ताळ्यावर आली, डायचं काय?

शिरोलीला माझी छोटी टूलरूम आहे. पंच-डाय (पत्रा कापायची-दाबायची पोलादी साधनं) हार्डनिंगला, म्हणजे कडक करायला, बाहेर देतो. टेम्परिंग, म्हणजे ठिसूळपणा उतरवायला पुन्हा बेतानं तापवणं, मात्र घरच्या इलेक्ट्रिक भट्टीत. तिच्या पॅनेलवर जुना ऑन-ऑफ कंट्रोलर काढून ४८ बाय ४८ मिमीचा पीआयडी कंट्रोलर बसवला. तापमान सेटिंगपासून किती दूर (पी), किती वेळ दूर (आय) आणि किती वेगानं बदलतंय (डी), हे बघून तो हीटर कमी-जास्त करतो. वापरून बघितला, म्हणून लिहितोय.

जुन्याचं दुखणं सगळ्यांना माहीत असेल. सेटिंग २०० अंश सेल्सिअस. आकडा २०० झाला की कॉइल बंद, पण तापमान चढतंच. कॉइलमध्ये नि विटांमध्ये मुरलेली उष्णता मागाहून येत राहते, आणि जाड नळीत बसलेल्या थर्मोकपलला (तापमान मोजणाऱ्या तारांच्या जोडीला) सगळंच उशिरा कळतं. ओएचएनएसची (तेलात कडक होणाऱ्या टूल स्टीलची) डाय अशी जास्त तापली की कडकपणा उतरतो, तो परत हार्डनिंग केल्याशिवाय येत नाही.

नव्यात ऑटोट्यून आहे, आणि पैसे त्याचेच वसूल होतात. तो हीटर पूर्ण चालू, पूर्ण बंद करत तापमान मुद्दाम सेटिंगच्या वर-खाली झुलवतो. झोका किती वेळाचा, किती उंच, हे मोजून पी, आय, डी स्वतः ठरवतो. ही पद्धत १९८४ची, स्वीडनच्या ऑस्त्रोम आणि हेग्लुंड यांची. आकडे बसवायचे मूळ नियम झीग्लर-निकोल्सचे, १९४२चे. माझ्याकडे ओव्हरशूट, म्हणजे सेटिंगच्या वर जाणं, आता दोन-तीन अंशांवर आलाय.

पण ऑटोट्यून रिकाम्या भट्टीवर करू नका. माल भरला की भट्टीची सुस्ती बदलते आणि आधीचे आकडे लागू पडत नाहीत. मॅन्युअलमध्ये यावर अवाक्षर नाही. मॅन्युअल एकूणच भिकार. आउटपुट एसएसआरचाच (हलते भाग नसलेल्या इलेक्ट्रॉनिक स्विचचा) मागा. कॉन्टॅक्टर, म्हणजे चुंबकाने ओढला जाणारा स्विच, इतक्या वेळा टकटक करून लवकर मरतो.

दुसरं, डिस्प्लेवरचे २०० हवेचे असतात, डायचे नव्हे. ५० मिमी जाड ठोकळा घ्या. पोलादाच्या आत, पृष्ठभागापासून गाभ्यापर्यंत उष्णता पोचायला साधारण मिनिटभर लागतं. वेळ जातो तो हवेतून पोलादात शिरायला: पंखा नसलेल्या भट्टीत तासाच्या वर. उशीर पोलादाच्या आतला असता तर जाडी दुप्पट केल्यावर वेळ चौपट झाला असता. तो दुप्पटच होतो, म्हणून तर आपला ‘इंचाला एक तास’ हा जुना ठोकताळा चालतो. यात कुठलाही कंट्रोलर काही करू शकत नाही. भट्टीत हवा फिरवणारा पंखा मात्र करतो.

या कंट्रोलरला तापमानाचं इनपुट एकच आहे, हीच खरी उणीव. मी डायच्याच जाडीच्या भंगार ठोकळ्याला भोक पाडून त्यात बारीक के-टाइप थर्मोकपलची वायर सोडली आणि वेगळा इंडिकेटर लावला. सोकिंगचा (डाय तापमानाला धरून ठेवायचा) वेळ त्या आकड्यावरून धरतो.