जँगोवरच्या तक्रारी: खऱ्या किती, ऐकीव किती

जँगो म्हणजे पायथॉन भाषेत वेबसाइट बांधायचा तयार सांगाडा; लॉगिनसारख्या गोष्टी त्यात आधीच असतात. ‘जँगो फार जड आहे’ असं म्हणणाऱ्याला मी आधी एकच विचारते: लॉगिन स्वतः लिहिलंत का? फ्लास्क हा पायथॉनचाच छोटा सांगाडा घेऊन ‘हलकी’ सुरुवात केलेला प्रकल्प काही महिन्यांनी उघडून बघा. डेटाबेसला एसक्यूएलअल्केमी, टेबलं बदलायला अलेम्बिक, लॉगिनला फ्लास्क-लॉगिन, फॉर्मला फ्लास्क-डब्ल्यूटीएफ, सगळं येऊन बसलेलं असतं. म्हणजे झालाच की जँगो! फक्त प्रत्येक ऑफिसात वेगळा. हिंजवडीत कुणी नोकरी बदलून पलीकडच्या इमारतीत गेलं, तरी जँगोत मॉडेल्स (डेटाबेसच्या टेबलांची वर्णनं) आणि यूआरएल कुठे सापडणार ते पहिल्या दिवशी कळतं. मला ही मोठी सोय वाटते.

आमचं कर्वे रस्त्याजवळ दोघांचंच ऑफिस. क्लायंट म्हणजे मंगल कार्यालयं, क्लासेस, सोसायट्या. एका कार्यालयाचे काका हॉलचं बुकिंग वहीत लिहायचे. त्यांना जँगोचा अ‍ॅडमिन (नोंदी भरायची-बदलायची तयार पानं) दिला: खान्यांची नावं मराठीत, वर तारखांची उतरंड, बाजूला ‘डिपॉझिट बाकी’चा फिल्टर. काकांचा शेरा: “वहीत खाडाखोड दिसायची, इथे कशी दिसणार?” मी ‘इतिहास’चं बटण दाखवलं. कुणी कधी काय बदललं ते तिथे दिसतं म्हटल्यावर गप्प झाले. पुण्यात याला पसंती म्हणतात.

अ‍ॅडमिन इतका नेटका असण्याला कारण आहे. जँगो जन्मला कॅन्ससमधल्या ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या वर्तमानपत्राच्या ऑफिसात, २००३ च्या सुमारास. २००५ मध्ये सगळ्यांसाठी खुला झाला. मजकूर भरणारे पत्रकार, आणि डेडलाइन डोक्यावर. अ‍ॅडमिन हवा तसा वाकत नाही, अशी ओरड करणारे बहुतेक त्यातच गिऱ्हाइकांची अख्खी साइट उभारायला निघालेले असतात. हा आतल्या कारभारासाठी आहे, हे डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलंय.

ओआरएम म्हणजे पायथॉन कोडमधून डेटाबेसशी बोलणारा भाग. ‘ओआरएम हळू आहे’ ही तक्रार मी फारशी मनावर घेत नाही. दोनशे बुकिंगांच्या यादीत प्रत्येकाच्या गिऱ्हाइकाचं नाव दाखवलंत, तर डेटाबेसला दोनशे एक क्वेऱ्या (विचारणा) जातात. संबंधित नोंदी एकदम आणणारं सिलेक्ट-रिलेटेड लावलंत की एक. क्वेऱ्या मोजणारा डीबग टूलबार हे लगेच दाखवतो.

असिंक म्हणजे एका कामाची वाट पाहत असताना दुसरी उरकणं; ते जँगोत अपुरं आहे, ही तक्रार मात्र खरी. जँगो ३.० मध्ये एएसजीआय (असिंक सर्व्हरशी जोडणी) आलं, ३.१ मध्ये असिंक व्ह्यू (पानाची विनंती हाताळणारा कोड), ४.१ मध्ये ओआरएमला असिंक तोंड मिळालं. पण आत अजून जुन्या पद्धतीचे थ्रेडच राबतात, आणि ट्रान्झॅक्शन (सगळे बदल एकत्र, नाहीतर एकही नाही) असिंकमध्ये चालत नाही. हजारो कनेक्शनं उघडी ठेवायची असतील तर खुशाल फास्टएपीआय हा असिंकवर उभा असलेला सांगाडा घ्या. आमच्या कार्यालयाला ऐन लग्नसराईतही तेवढी गर्दी होत नाही.

माझा राग वेगळ्याच गोष्टींवर आहे. पहिली, यूझर मॉडेल, म्हणजे वापरणाऱ्याच्या खात्याचं मॉडेल. आपल्याकडे गिऱ्हाईक मोबाइल नंबरने लॉगिन मागतं, आणि नवा प्रकल्प सुरू केला की जँगो हातात ठेवतो यूझरनेमवालं मॉडेल. स्वतःचं मॉडेल करायचं तर सुरुवातीलाच करा, असं डॉक्युमेंटेशन सांगतं. मग प्रकल्पाच्या साच्यातच ते का देत नाहीत? टेबलं तयार झाल्यावर ते बदलणं म्हणजे चालू लग्नात मांडव हलवणं.

दुसरी तक्रार मराठी माणसाचीच. स्लग म्हणजे वेबपत्त्यातला नावाचा तुकडा; तो बनवणाऱ्या स्लगिफायला ‘शनिवार पेठ’ द्या, युनिकोडची (रोमनपलीकडच्या लिप्यांची) परवानगी देऊन. हातात येतं ‘शनवर-पठ’. कोथरूडचं ‘कथरड’. पायथॉनची रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरातले नमुने शोधायची सूत्रं) मात्रांना अक्षर समजत नाहीत, म्हणून काना, वेलांटी, उकार सगळे गळतात. परवानगी दिली नाही तर रिकामी ओळ मिळते. खापर एकट्या जँगोवर फोडता येणार नाही, पण युनिकोड चालतं असं सांगणारा पर्याय त्याचाच आहे. बरं, स्लग हाताने मराठीत लिहावा, तर स्लगफील्डची (स्लग साठवणाऱ्या खान्याची) तपासणीही त्याच कारणाने तो नाकारते, आणि यूआरएलमधला स्लग कन्व्हर्टर (पत्त्यातला तुकडा ओळखणारा भाग) तर फक्त रोमन अक्षरं घेतो.

एवढं असूनही नव्या कामाला मी जँगो ५.२ च घेते. एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ सांभाळली जाणारी आवृत्ती आहे, सुरक्षेचे अपडेट एप्रिल २०२८ पर्यंत मिळतील. यूझर मॉडेल पहिल्या मायग्रेशनच्या, म्हणजे टेबलं तयार होण्याच्या, आधी. वेबपत्ता मराठीत हवा असेल तर साधं कॅरेक्टर फील्ड, स्वतःची तपासणी, आणि यूआरएलमध्ये स्ट्रिंग कन्व्हर्टर.