रातचं ओलित की गाविलगडची पहाट: हेडलॅम्प कोणता घ्यावा

हेडलॅम्प, म्हणजे कपाळावर बांधायचा दिवा, घ्यायला गेलं की दुकानात पहिला प्रश्न ‘किती लुमेन?’, म्हणजे उजेड किती, हाच असतो. आपल्याकडे विदर्भात तो तिसऱ्या नंबरचा प्रश्न आहे. पहिला, आत सेल कोणता? दुसरा, तो संपला की पुढे काय? लाइन रात्री दहाला येणार, पहाटेपर्यंत हरभऱ्याला पाणी फिरवायचं आणि दिवा दोन वाजताच मंदावला, तर डब्यावरच्या हजार लुमेनचं काय लोणचं घालायचं?

मिळणारे दिवे ढोबळमानाने चार जातींचे. आठवडी बाजारात दोन पिना सरळ सॉकेटात खुपसून चार्ज करायचा दिवा मिळतो, तो तीन-चारशे रुपयांपासून. दुसरा तीन ट्रिपल-ए सेलवर चालणारा, म्हणजे टीव्हीच्या रिमोटचे बारीक सेल; पेट्झलचा टिक्का आणि ब्लॅक डायमंडचा स्पॉट हे यातले ओळखीचे. तिसऱ्यात बॅटरी आतच बसवलेली असते आणि मोबाइलच्या वायरने चार्ज होते. चौथा १८६५० सेलचा. हा सेल १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब आणि काढता येणारा.

पहिला लवकर निकालात काढू. त्यात बहुधा ४ व्होल्टची सीलबंद लेड ॲसिड बॅटरी असते. ती जड असते, आणि रिकामी ठेवली की आतल्या प्लेटांवर सल्फेट बसून मरते. जागलीचा, म्हणजे रात्री पीक राखायचा, हंगाम संपला की दिवा खुंटीला अडकतो आणि पुढच्या वर्षी पेटत नाही, त्याचं कारण हेच. घरात असेलच तर महिन्यातून एकदा भरत जा. याहून मोठी अडचण चार्जिंगच्या सर्किटची. स्वस्त दिव्यांत ट्रान्सफॉर्मर नसतो, एक कपॅसिटर टाकून २३० व्होल्ट खाली आणलेले असतात. त्यामुळे पिना सॉकेटात असताना आतला उघडा भाग जिवंत असतो. तेव्हा दिवा उघडायचा नाही आणि ओल्या हाताने धरायचाही नाही. नवा घेत असाल तर हा घेऊ नका, पैसे कमी असले तरी.

सेलचं गणित

बऱ्या एलईडी दिव्याला १०० लुमेनसाठी साधारण १ वॅट लागतो. ३००० एमएएच (सेलची क्षमता) असलेल्या १८६५० मध्ये ३.६ व्होल्टने १०.८ वॅट-तास बसतात, म्हणजे १०० लुमेनवर दहाएक तास. तीन अल्कलाइन ट्रिपल-ए मिळून चार-साडेचार वॅट-तास, म्हणजे चार तास धरा. रिचार्जेबल ट्रिपल-ए १.२ व्होल्टचे, ८०० एमएएचचे. तिघांचे मिळून तीन तासांच्या आत-बाहेर. आतल्या बॅटरीवर जे एमएएच लिहिले असतील, त्यांना ३.७ ने गुणून हजाराने भागा आणि हाच हिशोब लावा.

यावरूनच हजार लुमेनची गोम कळते. हजार लुमेनला दहा वॅट लागतात, म्हणजे १८६५० तासाभरात रिकामा, आणि तेवढी उष्णता कपाळावरच्या अंगठ्याएवढ्या धातूला सोसत नाही. म्हणून दिवा काही मिनिटांतच आपणहून खाली येतो. हा बिघाड नाही, तशीच रचना असते. डब्यावरचे तास वाचतानाही सावध राहा. एएनएसआय एफएल१ या टॉर्च-हेडलॅम्प मोजण्याच्या मानकात दिव्याचा उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा सगळा वेळ मोजतात. ‘३०० लुमेन, ६ तास’ यातले शेवटचे तास ३०-४० लुमेनचेही असू शकतात.

ट्रिपल-एचा फायदा म्हणजे सेल कुठल्याही गावच्या किराणा दुकानात मिळतो. पण तिथे बहुतेकदा साधा झिंक-कार्बन सेल असतो. रिमोट किंवा घड्याळाला तो चालतो, हेडलॅम्पमध्ये अल्कलाइनच्या निम्माही टिकत नाही. सेलवर ‘अल्कलाइन’ लिहिलंय का ते वाचून घ्या. जुना-नवा एकत्र घालू नका. जुना उलटा चार्ज होऊन गळतो. गळलेल्या सेलची पांढरी पूड टर्मिनलवर दिसली तर कापसाला थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून पुसा, मग कोरडं करा. दिवा महिनाभर वापरणार नसाल तर सेल बाहेर काढा.

१८६५० घेताना एकच सापळा आहे, तो म्हणजे नकली सेल. ९९०० एमएएच छापलेला सेल दिसला की ठेवून द्या. या मापात ३५०० च्या आसपास हद्द येते. खऱ्या सेलचं वजन ४५ ग्रॅमच्या घरात असतं, नकली हाताला हलका लागतो. सोनाराच्या काट्यावर ठेवलात तर वाद मिटेल. वरचं प्लास्टिक फाटलेला सेल वापरू नका, आणि सुटा सेल किल्ल्या-चिल्लरसोबत खिशात तर अजिबात नको. शॉर्ट झाला की खिसा पेटतो. त्यासाठी प्लास्टिकची डबी मिळते.

आतली बॅटरी असलेले दिवे सगळ्यांत हलके, काही ५० ग्रॅमच्याही आत. टेकडीवर पहाटे चढून सूर्योदयाला पोचायचं असेल तर यांच्यासारखं सुख नाही. पण वावरात रात्री संपला की संपला, आणि दोन-तीन उन्हाळ्यांनी बॅटरी बसली की अख्खा दिवा भंगारात. लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असं बनवणारेच सांगतात. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरला सावलीतच पारा तिथवर जातो, टिनाच्या छपराखाली तर विचारूच नका. उन्हाळ्यात चार्जिंग पहाटेच करा, आणि दिवा गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा मोटरच्या पत्र्याच्या पेटीवर सोडू नका.

उजेड कसा पडतो

तंबूत किंवा चुलीपाशी ५ ते १० लुमेन भरपूर. पांदणीने चालायला ३० ते ६०, गाविलगड किंवा नरनाळा किल्ल्याच्या दगडी वाटेवरून उतरताना १०० ते १५०. वावराच्या दुसऱ्या धुऱ्यापर्यंत (बांधापर्यंत) पाहायचं तर ३०० च्या वर, आणि तोही अरुंद झोत हवा. चालायला उलट पसरट उजेड लागतो; अरुंद झोतात पायापुढे एक पांढरी थाळी दिसते आणि बाजूला सगळा काळोख. दोन्ही असलेला दिवा उत्तम. एकच मिळत असेल तर पसरट घ्या आणि लांबचं पाहायला हातात साधा टॉर्च ठेवा.

एक गोष्ट विकणारे सांगत नाहीत. कपाळावरचा दिवा डोळ्यांच्या रेषेत असतो, त्यामुळे सावल्या तुम्हाला दिसतच नाहीत. खड्डा, भेग, ढेकूळ सगळं सपाट वाटतं. काळ्या मातीत पाचोळ्यावर पडलेली घोणस किंवा पाटाच्या काठची मण्यार अशा उजेडात मिसळून जाते. चालताना दिवा डोक्यावरून काढून कमरेला बांधा किंवा हातात धरा, की प्रत्येक ढेकळाची लांब सावली पडते. उतारावरही हाच उपाय. जागलीला मात्र नेमकं उलट: रोही (नीलगाय) किंवा रानडुकराचे डोळे चमकतात ते दिवा आपल्या डोळ्यांजवळ असला तरच नीट दिसतात, तेव्हा कपाळावरचाच बरा. वाघ-बिबट्याच्या पट्ट्यात मात्र हेडलॅम्पला संरक्षण समजू नका. तो तोंड असेल तिकडेच पडतो, पाठीमागे अंधारच. आणि राखीव जंगलात परवानगीशिवाय रात्री झोत फिरवत हिंडलात तर वनरक्षक शिकारी समजून अडवेल, त्यात त्याची चूक नाही.

पावसाळ्यात किड्यांचा त्रास वेगळा. पांढऱ्या-निळसर उजेडावर किडे जास्त येतात आणि दिवा कपाळावर असला की थेट तोंडात जातात. धानाच्या बांधीत काम करणाऱ्यांनी पिवळसर उजेडाचा, ३००० केल्व्हिनच्या आसपासचा दिवा पाहावा. लाल उजेडावर किडे आणखी कमी येतात. अंधाराला सरावलेली नजरही त्याने मोडत नाही. ती पुन्हा सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात. मचाणावर बसणाऱ्यांना लाल दिवा हवाच.

पाण्याबद्दल थोडक्यात, डब्यावर आयपीएक्स आणि पुढे आकडा असतो तो पाणी सोसण्याचा: आयपीएक्स४ म्हणजे शिंतोडे सोसेल, आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. ट्रेकला पहिलं चालतं, ओलिताला दुसरं घ्या, कारण दिवा पाटात पडणारच. चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण नीट बसलं नसेल तर हे आकडे फक्त डब्यापुरते.

तर कोणाला कोणता? वर्षातून दोन-चारदा चिखलदऱ्याकडे किंवा अंबागडला जाणाऱ्याने ट्रिपल-एचा घ्यावा, सोबत एक जादा अल्कलाइन जोडी नव्हे, पुरते तीन सेल. दर आठवड्याला फिरणाऱ्या, वजन मोजणाऱ्या माणसाने आतल्या बॅटरीचा. १०,००० एमएएचची पॉवर बँक ३००० एमएएचच्या १८६५० एवढी बॅटरी सुमारे दोनदा भरते, या हलक्या दिव्यांची तर त्याहून जास्त वेळा. रात्री नेमाने वावरात जाणाऱ्याने, मार्चमध्ये पहाटे मोहफुलं वेचणाऱ्याने दुसरा विचारच करू नये: १८६५० आणि दोन सेल.

घेण्याआधी दुकानातच चार गोष्टी तपासा. बिजागरी वर-खाली करून दिवा जोरात हलवा. सैल असेल तर चालताना झोत खाली पडत राहतो, आणि हेडलॅम्प सगळ्यांत आधी मोडतो तो इथेच. पट्टा दुपट्ट्यावरून बांधून पाहा, कारण उन्हाळ्यात तसाच बांधाल. मंद उजेडावर मोबाइलचा कॅमेरा धरा; पडद्यावर काळे पट्टे सरकले तर दिवा झपाट्याने लुकलुकतो आणि तासाभरात डोळे दुखतात. शेवटी, सी-टाइप भोक असेल तर दोन्ही टोकं सी असलेल्या वायरनेही चार्ज होतं का ते बघा. स्वस्त दिव्यांत ५.१ किलो-ओहमचे दोन रेझिस्टर वाचवलेले असतात, मग नव्या मोबाइलच्या चार्जरवर दिवा ढिम्म राहतो आणि जुनी रुंद टोकाची वायरच शोधावी लागते.