फ्रेमचं दुकान एक नंबर, पण घाई असेल तर जाऊ नका

चार स्टार देतोय. पाचवा कापला तो उशिराबद्दल, शुक्रवारी या म्हणाले आणि प्रत्यक्षात हातात पडलं अकराव्या दिवशी, मधे तीन फोन मी केले, त्यांचा एकही नाही. बाकी कामाला नावं ठेवायला जागा नाही.

दुकान लालबागच्या गल्लीत आहे, जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढं. आत शिरलं की भिंतभर नमुन्याच्या फ्रेमा, शिवाजी महाराज, बाबासाहेब, साईबाबा, ज्योतिबा-सावित्रीबाई, बाळासाहेब, मोदी, मधेच कोणाच्या तरी आजीचा हार घातलेला फोटो. सगळे शेजारी शेजारी, कोणाची काही तक्रार नाही. काकांना विचारलं इलेक्शनला कोणाचे जास्त जातात, तर नुसते हसले आणि पट्टी मापायला लागले. धंदा कळलेला माणूस आहे.

मी तीन फ्रेमा घेऊन गेलो होतो. आमची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली, आई आता आमच्याकडे बदलापूरला, तर खोलीतलं सामान काढताना भिंतीवरचे फोटो उतरवले. जुन्या चाळीत राहिलेल्यांना माहितीय, वरती लाकडी पट्टी असायची आणि फोटो पुढे झुकलेले, जेवायला बसलं की सगळे नेते आपल्या ताटात बघतायत असं वाटायचं. महाराजांचा फोटो मधोमध, त्याच्यावरून घरात कधी वाद नाही. वाद उरलेल्या जागेचा.

आजोबा गिरणीत, पक्के लाल बावट्याचे. बाबा पण गिरणीतच, बदली कामगार, पण सेनेचे. गिरणगावात असली घरं खोलीखोलीला होती, त्यात आम्ही काही स्पेशल नाही. १९७० च्या जूनमध्ये कॉम्रेड कृष्णा देसाईंचा खून झाला, आमदार होते, मग पोटनिवडणूक लागली, एका बाजूला त्यांच्या पत्नी सरोजिनीताई आणि समोर सेनेचे वामनराव महाडिक. महाडिक निवडून आले, सेनेचा पहिला आमदार. तेव्हा मत द्यायला एकवीस वर्षं लागायची, बाबांना नुकतीच पूर्ण झालेली, आणि आयुष्यातलं पहिलं मत त्यांनी बापाच्या विरोधात टाकलं. आजी सांगायची की त्यानंतर सहा महिने बापलेक एकमेकांशी बोलले नाहीत, आजोबा तिला म्हणायचे "त्याला सांग, नळ जाईल आता", आणि तो हा चार फुटांवर बसलेला.

माझा जन्म ७८ चा, त्यामुळे मला राजकारण कळलं ते दारातून. कोणी "जय महाराष्ट्र" केला की बाबांना हाक मारायची, "कॉम्रेड आहेत का घरात" विचारलं की आजोबांना. मला अक्षरओळख व्हायच्या आधी हे येत होतं. आणि १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला तेव्हा, हे मला आईने सांगितलंय, दोघंही बाहेर. डॉक्टर ना ह्यांच्या पक्षाचे ना त्यांच्या, तरी अडीच लाख कामगार त्यांच्या मागे गेले त्यात आमचे दोन. आम्हाला गावी पाठवलं साताऱ्याकडे. तो संप कोणी अधिकृतपणे मागे घेतलाच नाही, आमच्या घरात तर नक्कीच नाही.

असो, रिव्ह्यू फ्रेमचा आहे. पहिली फ्रेम महाराजांची, फोटो काचेला चिकटलेला. दुसरा कोणी असता तर ओढून काढला असता, काकांनी हात लावला नाही, म्हणाले "ओढला तर चेहरा काचेवर राहील भाऊ, असाच स्कॅन करून घ्या आणि नवीन प्रिंट लावू, जुना काचेसकट जपून ठेवा". ह्या एका वाक्यासाठी तीन स्टार. दुसरी बाबांची, बाळासाहेबांचा फोटो, शाखेतून मिळालेला. काकांनी मागचे खिळे चिमट्याने एकेक काढले, कागदाची चिकटपट्टी ब्लेडने कापली, फळी उचलली, कसर झटकली आणि म्हणाले, "मागे अजून एक आहे, टाकून देऊ?"

युनियन ऑफिसच्या बाहेरचा ग्रुप फोटो. पंधरावीस माणसं, मागे बावटा, दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरे आजोबा, टोपी हातात. हा फोटो हरवला म्हणून आजी मरेपर्यंत बाबांना बोलत होती हो! आणि तो बाळासाहेबांच्या पाठीला टेकून भिंतीवरच होता, तीसेक वर्षं.

मी तिथूनच आईला फोन लावला, जरा भरून आलं होतं, म्हटलं बाबांनी मनातून ठेवला असेल. आई म्हणाली, "कसलं मनातून, गिरणी बंद, पुठ्ठ्याला पैसे कोणाकडे होते? जाड होता म्हणून घातला असेल." मग जरा थांबून, "आजोबांचं तोंड कुठल्या बाजूला आहे?" पुढच्याच बाजूला होतं. "हं" म्हणाली आणि फोन ठेवला.

मी स्वतः आजवर तीन वेगवेगळ्या पक्षांना मत दिलंय, दोघांनाही पटलं नसतं. पण २०२१ ला एसटीचा संप झाला आणि टीव्हीवर प्रवाशांचे हाल दाखवत होते तेव्हा बायको म्हणाली किती हाल लोकांचे, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, त्यांचा पगार बघ आधी. बायको डोंबिवलीची, माहेर संघाचं, तिचं म्हणणं तुमच्या घरी संप हा सणच. आणि तिला स्वतःला कोणी पाच मिनिटं उशिरा आलेलं चालत नाही, ते कुठून आलं ते तिला दिसत नाही. २०२२ ला सेना फुटली तेव्हा बाबा नव्हते, एका अर्थी बरंच झालं. लेकीने २०२४ ला पहिलं मत दिलं, कोणाला ते सांगत नाही.

तर एकूण चार फ्रेमा झाल्या, आजोबांना वेगळी केली. सागवानी पट्टी, अ‍ॅसिड फ्री माउंट घ्या म्हणाले, थोडा महाग पण फोटो पिवळा पडत नाही, साधी काच, सगळे मिळून ३,४०० घेतले. एका फ्रेमचा हुक तिरका बसवलाय, तो मी घरी सरळ केला. आजोबा आणि बाबा अजून पेपरात गुंडाळून कपाटावर आहेत कारण आई म्हणते शेजारी लावा आणि बायको म्हणते हॉलमध्ये नको.

रविवारी बंद. पार्किंग नाही, करी रोडला उतरून चालत जा. जीपे चालतं.