विकेटची स्टाइलशीट-निवड : तीन थीम, दोन भाषा आणि तीन वर्षांचा वापर

पतसंस्थांसाठी आम्ही लिहिलेली हिशेबप्रणाली तीन संस्था वापरतात. कोड एकच असला, तरी प्रत्येक संस्थेला स्वतःचे रंग आणि बोधचिन्ह हवे असते. शिवाय मराठीतून काम करणारा रोखपाल आणि इंग्रजी पडदा मागणारा लेखापरीक्षक हे दोघेही त्याच पानावर येतात. तीन थीम आणि दोन भाषा ही गरज आम्ही गेली तीन वर्षे अपाची विकेट या जावा फ्रेमवर्कमधील (वेब-प्रणाली उभारण्याच्या तयार सांगाड्यातील), योग्य स्टाइलशीट म्हणजे पानाचे रंगरूप ठरवणारी फाइल आपोआप निवडण्याच्या अंगभूत सोयीवर भागवत आहोत. हा अभिप्राय त्या एका सोयीपुरता आहे. विकेट एकूण कसे आहे, याची चर्चा येथे केलेली नाही.

विकेट 2007 पासून अपाची या मुक्त सॉफ्टवेअर संस्थेचा स्वतंत्र प्रकल्प आहे आणि त्याची मूळ कल्पना आजही तीच आहे : पानावरच्या घटकाचा जावा वर्ग, त्याचे एचटीएमएल, त्याचे संदेश (पडद्यावरचा मजकूर) आणि त्याची स्टाइलशीट हे सारे एकाच पॅकेजमध्ये शेजारी शेजारी ठेवायचे. स्टाइलशीट मागताना आपण वर्गाचे आणि फाइलचे मूळ नाव तेवढे सांगतो. त्या नावापुढे अंडरस्कोर लावून घटकाचे व्हेरिएशन (त्याच घटकाचे वेगळे रूप), सेशनची म्हणजे वापरकर्त्याच्या चालू भेटीची स्टाइल (थीमचे नाव) आणि लोकेल (भाषा व देश) अशी शेपटे जोडत विकेट एकेक नाव तपासते आणि जी फाइल प्रथम सापडेल ती ब्राउझरला देते. लोकेल मराठी-भारत असेल तर आधी देशासह नाव पाहिले जाते, मग नुसत्या भाषेचे आणि शेवटी शेपूट नसलेले. थीम बदलायची म्हणजे लॉगिननंतर सेशनवर स्टाइलचे नाव बसवायचे, एवढेच काम. त्यासाठी आम्हाला एका ओळीहून अधिक कोड लागला नाही.

पहिल्याच आठवड्यात मात्र या सोयीने आम्हाला चांगलेच तोंडघशी पाडले. मराठी पडद्यावर कर्जखात्यांच्या तक्त्यातील ओळी इंग्रजीच्या मापाने आखलेल्या होत्या, त्यामुळे ‘वर्षांची’ या शब्दावरचा रफार आणि अनुस्वार वरून छाटले जात होते आणि ‘मुद्दल’मधील जोडाक्षराचा पाय खालच्या रेषेत बुडत होता. ओळीची उंची वाढवणे आणि अक्षरांमधील जादा अंतर काढून टाकणे, असे दोनच नियम लिहून मी मराठीचे शेपूट असलेली छोटी फाइल मूळ फाइलशेजारी ठेवली. पान उघडले तर रफार जागेवर होता, पण बाकीचे सारे पान उघडेबोडके झाले होते : रंग नाहीत, रकाने नाहीत, बटणे ब्राउझरच्या करड्या रूपात.

कारण असे की विकेट स्टाइलशीट निवडते, जोडत नाही. मराठी फाइल सापडली की मूळ फाइल पाठवलीच जात नाही. संदेशांच्या फाइलींबाबत हेच फ्रेमवर्क अगदी वेगळे वागते. तेथे मराठी फाइलमध्ये एखादी नोंद नसेल तर ती मूळ फाइलमधून उचलली जाते. नावांची पद्धत एक आणि वर्तन दोन, हा माझ्या मते या रचनेतला सर्वांत मोठा दोष आहे. ब्राउझरच्या दृष्टीने स्टाइलशीट ही एक अखंड फाइल असते, त्यामुळे या वर्तनाला तांत्रिक कारण आहे हे मान्य; पण नवख्या माणसाने संदेशांवरून स्टाइलशीटबद्दल अंदाज बांधला, तर चूक त्याची म्हणता येणार नाही.

शोधाच्या क्रमातही एक खोच आहे. विकेट आधी स्टाइल पक्की धरून सर्व लोकेल तपासते आणि त्यानंतरच स्टाइल सोडून देते. म्हणजे केशरी थीमची भाषाविरहित फाइल आणि मराठीची थीमविरहित फाइल अशा दोनच फाइली असतील, तर केशरी थीममधील मराठी वापरकर्त्याला केशरी फाइल मिळते आणि मराठीसाठी केलेली दुरुस्ती वाया जाते. दोन्ही हवे असेल तर दोन्ही शेपटे असलेली तिसरी फाइल लिहावी लागते. या वाटेने गेल्यास तीन थीम आणि दोन भाषांच्या सहा पूर्ण फाइली होतात, उद्या हिंदी आली की नऊ, आणि एका बटणाचा कोपरा गोल करायचा तरी नऊ ठिकाणी हात घालावा लागतो.

आम्ही शेवटी फाइलींची वाटणी केली. मांडणीची एक सामाईक स्टाइलशीट, जिला कोणतेही शेपूट नाही. लिपीची दुसरी, जिची मूळ फाइल जवळजवळ रिकामी आहे आणि मराठी फाइलमध्ये मोजके नियम आहेत. आणि रंगांची तिसरी, जी फक्त थीमप्रमाणे बदलते. प्रत्येक फाइल एकाच अंगाने बदलत असल्याने शोधाचा क्रम आता आड येत नाही. लिपीची ती रिकामी मूळ फाइल अनावश्यक समजून एका सहकाऱ्याने काढून टाकली होती, तेव्हा इंग्रजी पडद्यावरून प्रत्येक पानामागे ‘फाइल सापडली नाही’ अशी नोंद सर्व्हरवर पडू लागली. आता त्या फाइलच्या पहिल्या ओळीत, ती का ठेवली आहे, हे लिहून ठेवले आहे.

या तीन फाइली कोणत्या क्रमाने उतराव्यात, हेही सांगावे लागते, कारण विकेटच्या 1.5 आवृत्तीपासून पानाच्या शीर्षभागात आतल्या घटकांच्या नोंदी आधी आणि बाहेरच्यांच्या नंतर येतात. स्टाइलशीटच्या संदर्भावर अवलंबित्वे जाहीर करण्याची सोय येथे फार उपयोगी पडते. रंगांची फाइल लिपीच्या फाइलवर आणि लिपीची मांडणीवर अवलंबून आहे असे एकदा लिहिले, की पानावर कोठूनही मागणी आली तरी क्रम बिघडत नाही आणि एकच फाइल दोनदा उतरत नाही.

कौतुक करावे असा भाग पत्त्यांचा आहे. विकेट दुव्याच्या पत्त्यात वापरकर्त्याचे लोकेल आणि स्टाइल आंधळेपणाने चिकटवत नाही. प्रत्यक्ष जी फाइल सापडली, तिचीच शेपटे प्रश्नचिन्हापुढे घालते. त्यामुळे मराठी आणि इंग्रजी वापरकर्ते सामाईक मांडणीची फाइल एकाच पत्त्यावरून घेतात, आणि ज्या फाइली खरोखर वेगळ्या आहेत त्यांचेच पत्ते वेगळे होतात. याशिवाय फाइलच्या नावात तिच्या मजकुरावरून काढलेला आवृत्तीचा ठसा असतो आणि प्रत्यक्ष वापराच्या मोडमध्ये ब्राउझरला ती 365 दिवस साठवायला सांगितले जाते. फाइल बदलली की ठसा बदलतो, म्हणून नवा पत्ता आणि ताजी फाइल. ‘कंट्रोल आणि एफ-फाइव्ह दाबून पाहा’ हे वाक्य शाखेतल्या माणसाला फोनवर सांगण्याची वेळ आमच्यावर तीन वर्षांत आलेली नाही. अशी नीट आखलेली साठवण हाताने उभी करायला किती दिवस लागतात, हे ज्यांनी ते केले आहे त्यांना ठाऊक आहे.

नावे देताना थोडी सावधगिरी हवी. दृष्टी अधू असलेल्यांसाठी गडद-फिक्या रंगांची एक थीम करताना आम्ही ‘हाय कॉन्ट्रास्ट’चे पहिले दोन रोमन वर्ण शेपूट म्हणून घेतले, ते हिंदीचेही भाषाचिन्ह आहे. शेपूट थीमचे की भाषेचे, हे फाइलच्या नावावरून विकेटला कळण्याचा मार्ग नाही, आणि चाचणीत हिंदी ब्राउझर घेऊन बसलेल्या मुलीला काळ्यावर पिवळा पडदा दिसला. थीमचे नाव दोन अक्षरी ठेवू नये, एवढा नियम त्यानंतर आम्ही पाळतो. तसेच लॉगिनच्या पानावर थीम बसवायची असेल तर सेशन तेथेच बांधून घ्यावे लागते. एरवी ते तात्पुरते सेशन त्या विनंतीबरोबर संपते आणि निवडही जाते.

नवव्या आवृत्तीपासून विकेट, ब्राउझरने काय कोठून घ्यावे हे ठरवणारे कडक सुरक्षा-धोरण आपोआप लावते. धोरण चांगलेच आहे, पण त्यात फॉन्ट फक्त आपल्याच सर्व्हरवरून घेता येतात. बाहेरून ओढलेला देवनागरी फॉन्ट कोणतीही सूचना पडद्यावर न येता गळतो आणि मजकूर यंत्रावरच्या फॉन्टमध्ये दिसू लागतो. फॉन्टची फाइल पॅकेजमध्ये ठेवणे हा सरळ उपाय आहे. एचटीएमएलच्या मूळ टॅगवर भाषा मराठी म्हणून नोंदवायलाही विसरू नये. ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ आहेत, त्यांतील ती वळणे बहुधा या नोंदीमुळेच उमटतात. स्टाइलशीट मराठी निवडली म्हणून विकेट हा टॅग बदलत नाही, ते काम आपले.

पर्यायांचा विचार केला होता. स्प्रिंग या दुसऱ्या जावा फ्रेमवर्कमध्ये थीमसाठी स्वतंत्र व्यवस्था होती, पण सहाव्या आवृत्तीत ती कालबाह्य ठरवली गेली आणि हे काम सीएसएस या स्टाइलशीटच्या भाषेवरच सोपवावे असा सल्ला दिला गेला. तो सल्ला रंगांपुरता मला पटतो. आज नव्याने सुरुवात केली असती तर तिन्ही संस्थांचे रंग सीएसएसच्या चलांमध्ये (व्हेरिएबलमध्ये) ठेवले असते आणि थीमच्या फाइलमध्ये त्या आठ-दहा चलांपलीकडे काही लिहिले नसते. विकेटची निवड मात्र लिपीच्या फाइलसाठी, छापील पावतीच्या व्हेरिएशनसाठी आणि बोधचिन्हांसाठी तशीच ठेवली असती, कारण चित्रांनाही हाच शोध लागू होतो आणि तिसऱ्या संस्थेचे चिन्ह बदलले तेव्हा आम्ही जावाच्या एकाही ओळीला हात लावला नव्हता. सध्याची दहावी आवृत्ती 2024 मध्ये आली आणि तिला जावा 17 लागते. पुढच्या तिमाहीत आम्ही तिच्यावर जाणार आहोत, आणि मराठीची ती छोटी फाइल आहे तशीच सोबत नेणार आहोत.