माडीवरचा गेमिंग संगणक : अकरा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

सांगलीच्या गावभागातील आमच्या घरी मी जानेवारी २०२५ मध्ये सुटे भाग निवडून माझा पहिला गेमिंग संगणक जोडला. दिवसा लग्नपत्रिका आणि फ्लेक्सची डिझाइन करण्यासाठी आणि रात्री खेळण्यासाठी तो गेले अकरा महिने जवळजवळ रोज चालू आहे. नवा संगणक पहिल्या आठवड्यात सगळ्यांचाच चांगला चालतो. त्याने एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्याशिवाय आपली निवड बरोबर होती की नाही ते कळत नाही, म्हणून मी इतका थांबून लिहीत आहे. भाग एकमेकांशी जुळतात का, हे मी खरेदीपूर्वी महिनाभर तपासले होते आणि त्यात फारशी चूक झाली नाही. तपासायचे राहिले ते हे की, हे सगळे भाग आमच्या घराशी जुळतात का.

खर्चाची मर्यादा मॉनिटरसह ६५,००० रुपये होती. त्यात राइझेन ५ ५६०० हा प्रोसेसर १०,२०० रुपयांना, बी५५० चिपसेटचा (म्हणजे बोर्डावरच्या मुख्य नियंत्रक चिपचा) मदरबोर्ड ८,६०० रुपयांना, रॅमच्या ८ जीबीच्या दोन डीडीआर४ पट्ट्या ३,४०० रुपयांना, फाइली साठवणारी १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी ४,९०० रुपयांना, आरएक्स ६६०० हे ८ जीबीचे ग्राफिक्स कार्ड २०,५०० रुपयांना, सगळ्या भागांना वीज पुरवणारा ५५० वॅटचा ब्रॉन्झ दर्जाचा एसएमपीएस ४,२०० रुपयांना, जाळीदार कॅबिनेट ३,१०० रुपयांना आणि २४ इंची १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ चित्रे दाखवणारा) मॉनिटर ९,८०० रुपयांना बसला. एकूण ६४,७०० रुपये झाले. काही भाग सांगलीतच घेतले, काही ऑनलाइन मागवले. ग्राफिक्स कार्ड मात्र मुद्दाम गावातून घेतले, कारण वॉरंटीसाठी ते परत पाठवण्याची वेळ आली तर ज्यांच्या दुकानात जाऊन समोर बसता येईल अशी माणसे मला हवी होती.

प्रोसेसर आणि मदरबोर्ड यांची जोडी ठरवताना सर्वाधिक वेळ गेला. ज्या दुकानात मी प्रथम गेलो तेथील दादांनी बी४५० चिपसेटचा बोर्ड सुमारे दोन हजारांनी स्वस्त मिळेल असे सांगितले आणि "सॉकेट एकच आहे, बसतोय की," असेही म्हणाले. ते खोटे नव्हते. दोन्ही बोर्डांवर एएम४ हेच सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसवायची जागा, असते आणि प्रोसेसर दोन्हींत बसतो. पण बसणे आणि चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बी४५० हा चिपसेट २०१८ चा, तर राइझेन ५ ५६०० हा प्रोसेसर २०२२ चा. त्यामुळे बोर्डातील बायोस (संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणारा प्रोग्रॅम) जुना असेल तर त्याला हा प्रोसेसर ओळखताच येत नाही, आणि बायोस नवा करायचा तर त्याला ओळखता येईल असा जुना प्रोसेसर कोणाकडून तरी उसना आणावा लागतो. बी५५० हासुद्धा २०२० चा, म्हणजे या प्रोसेसरच्या आधीचाच आहे. म्हणून मी नुसत्या चिपसेटच्या नावावर न थांबता बोर्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावरील प्रोसेसरची यादी उघडली, ५६०० च्या ओळीत कोणत्या क्रमांकाच्या बायोसपासून तो चालतो हे पाहिले, आणि प्रोसेसर न बसवताही पेनड्राइव्हवरून बायोस बदलता येणारे बटण ज्यावर आहे असाच बोर्ड निवडला. प्रत्यक्षात बोर्ड नव्या बायोससह आला आणि त्या बटणाची गरज पडली नाही, तरीही त्यासाठी मोजलेले पैसे मला वाया गेले असे वाटत नाही.

ग्राफिक्स कार्डाच्या दृष्टीनेही बोर्डात फरक पडतो. बी५५० वर कार्डाला पीसीआय एक्सप्रेसची, म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांच्यातील जोडमार्गाची, चौथी पिढी मिळते, बी४५० वर तिसरी. आरएक्स ६६०० सोळाऐवजी आठच मार्गिका वापरते, पण तिच्याकडे स्वतःची ८ जीबी मेमरी असल्याने जुन्या बोर्डावरही तिचे नुकसान थोडेच होते. आरएक्स ६५०० एक्सटी मात्र चारच मार्गिकांवर चालते आणि तिच्याकडे ४ जीबीच मेमरी आहे. स्वस्त कार्ड आणि स्वस्त बोर्ड अशी ती जोडी कागदावर आकर्षक दिसते, पण दोघांचे उणेपण एकमेकांत मिसळून चांगलेच वाढते. ज्यांचे अंदाजपत्रक माझ्यापेक्षाही कमी आहे, त्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

५६०० आणि ५६००जी या नावांत एका अक्षराचाच फरक आहे, पण तो मोठा आहे. जी असलेल्या प्रोसेसरमध्ये चित्र दाखवण्याची सोय आतच असते. मात्र त्याची एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) ३२ ऐवजी १६ एमबी असते आणि तो पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीवरच थांबतो. मी वेगळे कार्ड घेणार असल्याने साधा ५६०० घेतला. पहिल्या रात्री जोडणी संपल्यावर पंखे फिरले, दिवे लागले आणि मॉनिटर काळाच राहिला. तासभर मी रॅमच्या पट्ट्या काढून बसवत होतो. शेवटी थोरल्या बहिणीने मागे वाकून पाहिले आणि विचारले, "अरे, ही वायर वरच्या भोकात का घातलीस? कार्ड तर खाली आहे." मी एचडीएमआयची वायर मदरबोर्डाच्या पोर्टमध्ये लावली होती आणि या प्रोसेसरला स्वतःचे ग्राफिक्स नसल्याने तेथून चित्र येणे शक्यच नव्हते.

रॅमबाबत दोनच गोष्टी सांगतो. एका १६ जीबीच्या पट्टीऐवजी ८ जीबीच्या दोन घ्याव्यात आणि चार खाचांच्या बोर्डावर त्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवाव्यात. आणि बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या लिहिलेल्या वेगावर चालवणारी सोय, चालू करावे. तसे न केल्याने माझी ३२०० वेगाची रॅम पहिले तीन आठवडे २४०० वर चालत होती. मॉनिटरचेही तसेच आहे. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला तरी विंडोजमध्ये जाऊन तो आकडा निवडेपर्यंत तो ६० वरच चालू शकतो.

एसएमपीएसवर मात्र सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण आपल्याकडे सर्वाधिक काटकसर याच ठिकाणी होते. कॅबिनेटसोबत ७०० रुपयांत ४५० वॅटचा एसएमपीएस देण्याची तयारी दुकानदारांनी दाखवली होती. मी त्यांच्या परवानगीने खोका उघडून त्यावरचे लेबल वाचले. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड आपली जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या लाइनवरून घेतात आणि त्या लेबलवर १२ व्होल्टसमोर १६ अँपिअर लिहिले होते. बाराला सोळाने गुणले की १९२ वॅट होतात. म्हणजे खोक्यावर ४५० चा आकडा असला तरी कामाची वीज १९२ वॅटच होती. आरएक्स ६६०० एकटीच १३२ वॅटपर्यंत घेते आणि ५६०० ची नेमून दिलेली क्षमता ६५ वॅट असली तरी जोर लागल्यावर तो त्याच्यावर जातो. मी घेतलेल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसच्या लेबलवर १२ व्होल्टसमोर ४५ अँपिअर, म्हणजे ५४० वॅट, लिहिलेले आहेत. ब्रॉन्झचा शिक्का विजेची बचत किती होते एवढेच सांगतो, आतल्या भागांच्या टिकाऊपणाची खात्री तो देत नाही. म्हणून शिक्क्याबरोबर वॉरंटीची वर्षेही पाहावीत. आणखी एक सूचना : प्रोसेसरची चार-चार पिनांची वायर आणि कार्डाची सहा-दोन पिनांची वायर दिसायला सारख्या असतात, पण त्यांच्या पिनांचे आकार वेगळे असतात. जोर लावावा लागत असेल तर थांबावे.

यापुढे घराचा विषय येतो. आमचे घर जुने आहे आणि ऑगस्ट २०१९ च्या महापुरात, जेव्हा आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांपर्यंत गेली, तेव्हा खालच्या खोलीतील सगळे सामान पाण्यात होते. त्यामुळे संगणक माडीवर ठेवायचा, हे आईने यादी होण्याआधीच ठरवले होते. माडीवर पत्रा आहे आणि वायरिंग वडिलांच्या लग्नाच्या वेळचे आहे.

पहिल्याच आठवड्यात, अनवाणी उभे राहून कॅबिनेटच्या मागील पत्र्याला हात लागला की बोटांच्या टोकांना बारीक झिणझिण्या येत. जोराचा झटका नव्हता, पण प्रत्येक वेळी हात आपोआप मागे येई. मला वाटले एसएमपीएस खराब निघाला आणि मी तो परत करण्याच्या तयारीत होतो. गल्लीतल्या वायरमन काकांनी मल्टिमीटर आणला, भिंतीवरच्या बोर्डात न्यूट्रल आणि अर्थ (जमिनीशी जोडलेली वायर) यांच्यामध्ये टोके धरली, आणि जिथे जेमतेम एकदोन व्होल्ट दिसायला हवे तिथे आकडा ११० च्या जवळ स्थिरावला. बोर्डाला तिसरे भोक होते, त्यातून एक हिरवी वायर भिंतीत गेलीही होती, पण ती पुढे कशालाच जोडलेली नव्हती. एसएमपीएसमध्ये विजेतील गोंगाट गाळण्यासाठी जे छोटे कपॅसिटर असतात ते थोडीशी वीज अर्थकडे सोडतात. अर्थच नसेल तर ती कॅबिनेटच्या पत्र्यावर येऊन बसते आणि व्होल्टेज पुरवठ्याच्या साधारण निम्मे भरते. म्हणजे एसएमपीएस निर्दोष होता आणि दोष आमच्या भिंतीत होता. परसात खड्डा घेऊन, मीठ-कोळसा घालून प्लेट पुरली आणि नवी वायर माडीपर्यंत आणली. त्याला २,६०० रुपये लागले. सुट्या भागांच्या कोणत्याही यादीत हा खर्च मी पाहिला नव्हता, तरी आज कोणी विचारले तर मी तो प्रोसेसरच्याही आधी लिहायला सांगेन, कारण हा केवळ यंत्राचा नव्हे तर घरातल्या माणसांच्या जिवाचाही प्रश्न आहे.

दुसरी परीक्षा उन्हाळ्याने घेतली. एप्रिलमध्ये दुपारी पत्र्याखाली बसवत नाही, आणि पत्रा रात्री दहापर्यंत तापलेलाच असतो. प्रोसेसरसोबत आलेला छोटा कूलर जानेवारीत ७० अंशांच्या आत काम भागवत होता. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात खेळताना आकडा ८७ पर्यंत गेला. या प्रोसेसरची कमाल मर्यादा ९० अंश आहे. त्यातच आमच्या मागच्या गल्लीत चटणी कांडपाचा डंक आहे आणि त्याचा हंगाम नेमका याच दिवसांत असतो. कॅबिनेटच्या पुढची जाळी काढली तर तिच्यावर तांबूस, किंचित चिकट असा थर बसला होता आणि ती झटकताच मी आणि बहीण दोघेही शिंकत खाली आलो. जाळी धुऊन वाळवल्यावर चार अंश उतरले. मागच्या बाजूला हवा बाहेर फेकणारा जादा पंखा लावल्यावर आणखी तीन. मेमध्ये प्रोसेसरवर १,८०० रुपयांचा उभा कूलर बसवला आणि तेव्हापासून आकडा ७६ च्या वर गेलेला नाही. कूलर घेण्यापूर्वी त्याची उंची आणि कॅबिनेटमध्ये मिळणारी जागा जुळवून पाहावी. माझ्या कॅबिनेटमध्ये १६० मिलिमीटर जागा आहे आणि कूलर १५४ चा आहे. याशिवाय बिनखर्चाचा एक उपाय फार उपयोगी पडला. मॉनिटर सेकंदाला १४४ चित्रेच दाखवू शकतो, तेव्हा कार्डाला त्याहून अधिक काढण्याची गरजच नसते. ती मर्यादा घातल्यावर हलक्या खेळांत कार्ड आणि प्रोसेसर दोन्ही निवांत झाले आणि पंख्यांचा आवाजही उतरला. दर्शनी बाजूला काच असलेले, दिव्यांनी झगमगणारे कॅबिनेट याच किमतीत मिळत होते. ते न घेता जाळीचे घेतले, हा माझ्या संपूर्ण खरेदीतील सर्वांत चांगला निर्णय ठरला.

पावसाळ्यात वीज जाण्याचे प्रमाण वाढले. मामांच्या दुकानातील ६०० व्हीएचा यूपीएस मी आणला होता, पण खेळ चालू असताना वीज गेली की तो किंचाळून बंद पडे. त्याच्यावर व्हीएचा (व्होल्ट-अँपिअरचा) आकडा मोठ्या अक्षरात आणि प्रत्यक्ष मिळणारे ३६० वॅट बारीक अक्षरात लिहिलेले होते, आणि त्याची बॅटरीही थकलेली होती. आता ११०० व्हीएचा आहे. वीज गेल्यावर खेळत राहण्यासाठी तो नाही. काम जतन करून संगणक रीतसर बंद करण्यापुरती पाचसात मिनिटे तो देतो आणि तेवढी मला पुरतात.

खेळांबद्दल थोडक्यात सांगायचे तर, व्हॅलोरंट १४४ च्या मर्यादेवर स्थिर चालतो, फोर्झा होरायझन ५ वरच्या दर्जावर ८० ते ९० चित्रे देतो आणि सायबरपंक २०७७ मध्यम दर्जावर ६० च्या आसपास राहतो. १०८०पी (फुल एचडी) च्या पुढे जाण्याची अपेक्षा या कार्डाकडून ठेवू नये. डिझाइनच्या कामात १६ जीबी रॅम कधीकधी अपुरी पडते, विशेषतः वीस फुटी फ्लेक्सची फाइल आणि ब्राउझर एकत्र उघडले असता. त्या वेळीच ३२ जीबी घ्यायला हवी होती, कारण २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव इतके चढले आहेत की आता मी ती खरेदी पुढे ढकलली आहे. एएम४ वर पुढची पिढी येणार नाही याचीही मला जाणीव होती. पण एएम५ हे पुढचे सॉकेट घेतले असते तर डीडीआर५ रॅम आणि महागडा बोर्ड यांमुळे ग्राफिक्स कार्डात कपात करावी लागली असती, आणि ते मला मान्य नव्हते.

गेल्या महिन्यात मिरजेच्या मावसभावाने माझी यादी मागितली. मी त्याला आधी भिंतीवरच्या बोर्डात मल्टिमीटर लावून घ्यायला सांगितले आणि खोलीचे छत कशाचे आहे ते विचारले. त्याच्याकडे अर्थिंग व्यवस्थित निघाले आणि खोली तळमजल्यावर, स्लॅबखाली आहे. तेव्हा जादा पंखा आणि कूलर यांचे पैसे आम्ही त्याच्या यादीतून काढले आणि रॅमच्या वाढलेल्या भावाकडे वळवले.